राखेचा आकडा

सातपूर, नाशिक
६ जानेवारी २००२

ती. बा आणि आई यांस,
रोशनीचा नमस्कार.

किशोर, पत्र बाला सावकाश वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

हे पत्र खोक्यातच ठेवते आहे. खोक्यात वीस डबे आहेत. माणसांनी खायचे नाहीत, कुत्र्याचे आहेत. आमच्या लॅबमध्ये एका नव्या कंपनीचा माल तपासणीला येऊ लागला आहे. दर खेपेला चोवीस डबे येतात आणि तपासायला चार पुरतात. उरलेले टाकून देत होते. आमच्या लॅबचे प्रमुख दातार सर म्हणाले, "तू घेऊन जा. माझंच पिल्लू आहे तुझ्या घरी." दिवाळीत मी पिशवीतून एस.टी.नं आणलं ते पिल्लू त्यांच्या अल्सेशियन कुत्रीचं, हे ते विसरलेले नाहीत. जुनं कुत्रं बिबट्यानं नेल्यावर बा शेळ्यांमागे एकटाच जातो, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

माल मी स्वतः तपासला आहे. शंभर ग्रॅममध्ये एक्क्याऐंशी ग्रॅम पाणी. बा हसेल. पण पाणी सोडून उरलेल्या एकोणीस ग्रॅमचा विचार केला, तर निम्म्याला थोडी कमी प्रथिनं आहेत. आपल्या नागलीच्या, इथं नाचणी म्हणतात तिच्या, पिठात चौदावा हिस्सा असतात. आणि राख फक्त शून्य पूर्णांक सहा. म्हणजे भट्टीत सगळं जाळल्यावर शंभरातलं अर्ध्या ग्रॅमहून जरासंच जास्त मागं राहतं. हळदीत, मिरचीत राख जास्त निघाली की आम्ही समजतो, माती आहे, नाहीतर विटेची पूड. सहा वर्षं मसाले तपासते आहे, इतका स्वच्छ माल पाहिला नाही. मागे एकदा कुतूहल म्हणून आपली नागली जाळून पाहिली होती. तिची राख याच्या चौपटीहून जास्त निघाली. खळ्यातली माती असणार.

तर आजपासून पिल्लाला दूध आणि भाकरी बंद. दोन्ही मिसळलं की पोट बिघडतं. रोज एक डबा द्यायचा, महिन्यानं दीड. पंधरा दिवसांनी आणखी पाठवते.

बा साक्षरता वर्गात शिकला ते विसरायला नको. डब्यावरची अक्षरं त्याला लावायला दे.

तुमची
रोशनी

—

जांभूळपाडा, पो. हरसूल
२३ जानेवारी २००२

ती. ताईस,
किशोरचा सा. न.

खोकं मिळालं. स्टँडवर देवराम दुकानदारानं विचारलं, "यात काय?" मी म्हटलं, औषध. कुत्र्याचं जेवण नाशिकहून येतं हे सांगायची लाज वाटली.

डबा कशानं उघडायचा ते तू लिहिलं नाहीस. कोयत्यानं उघडला. साहेबानं सगळा चाटून चकचकीत केला. साहेब म्हणजे पिल्लू. साहेबाच्या घरून आला म्हणून बानं हे नाव ठेवलं आहे. तुझ्या सरांना सांगू नकोस.

आईनं विचारलं, कसलं मांस? मी डब्यावरचं वाचून दाखवलं: मांस व प्राणिजन्य पदार्थ, गव्हाचं ग्लूटेन, घट्टपणासाठी डिंक, परवानगी असलेला रंग. आई म्हणाली, "कोंबडी म्हण, बकरं म्हण, मला कळल. पदार्थ म्हंजी काय? पदार्थ कुठं चरतो?" ताई, तूच सांग. तेव्हापासून डबे घरात ठेवू देत नाही. ओट्याखाली असतात. वाढायला एक करवंटी वेगळी काढली आहे. वाढताना रोज म्हणते, "आमाला होळीला मटण, आन् याला दोन टायमाला. पुढल्या जल्मी साहेबच व्हायचं."

बा डब्यावरचं एकेक अक्षर लावतो. 'प्राणिजन्य'वर चार दिवस अडला होता.

भाकरी बंद केली आहे. पहिले दोन दिवस साहेब बाच्या ताटाजवळ येऊन बसायचा. बा म्हणाला, "भाकर कशापायी बंद? नागली खाऊनच रोशनी नाशकात गेली ना?" मग म्हणाला, "हे लिहू नको. ती तपासून सांगती."

तुझा
किशोर

—

सातपूर, नाशिक
५ फेब्रुवारी २००२

ती. बा, आई,

या पंधरवड्याचे वीस डबे पाठवते आहे. सोबत डबा उघडायची किल्ली आहे. कोयता वापरू नका, पत्रा तोंडात जाईल.

आईच्या प्रश्नाचं उत्तर. डब्यावरच्या यादीत जो पदार्थ आधी, त्याचं वजन सगळ्यांत जास्त. यादीत मांस पहिलं आहे. कोणत्या जनावराचं, ते आम्हाला कळवत नाहीत. आम्ही नायट्रोजन मोजतो आणि त्याला सव्वासहानं गुणतो. जे येतं त्याला प्रथिनं म्हणतो. त्यात कोंबडी आणि बकरं वेगळं दिसत नाही. पण बाकीचे आकडे चोख असल्यावर माल वाईट असायचं कारण नाही.

बा, भाकरीचा हट्ट सोड. नागली आपण खातो कारण डोंगरात दुसरं पिकत नाही. इथं लॅबमध्ये मीसुद्धा पोळीच नेते.

एक सांगायचं आहे. आमच्या अहवालात आकड्यांच्या खाली अभिप्रायाला दोन ओळी सोडलेल्या असतात. त्या सहसा कोणी भरत नाही. यावेळी मी लिहिलं, "राखेचे प्रमाण अत्यल्प, कच्चा माल स्वच्छ. वाढत्या पिल्लांसाठी संपूर्ण आहार म्हणून योग्य." सरांनी वाचून माझ्या सहीखाली सही केली. कंपनीला ते इतकं आवडलं की नव्या लेबलवर ते छापणार आहेत. नाव नसेल, पण वाक्य माझं.

रोशनी

—

जांभूळपाडा
१० मार्च २००२

ती. ताईस,

उत्तराला उशीर झाला. राबासाठी, नागलीच्या रोपांच्या जागेवर भाजायला, पाला-गोवऱ्या वाहण्याचं काम चालू आहे.

नव्या लेबलचे डबे मिळाले. बाला मी सांगितलं की खालची ओळ ताईची आहे. त्यानं ती स्वतःच वाचायची म्हटलं. दोन दिवस लागले. 'अत्यल्प' म्हणजे काय ते विचारलं. मग तो डबा रिकामा झाल्यावर घासून, पुसून फळीवर ठेवला, देवाच्या तसबिरीशेजारी. आईनं कपाळाला हात लावला. "मांसाचा डबा देवापाशी!" बा म्हणाला, "पोरीचं लिवलेलं हाय त्याच्यावर." पाडा येऊन बघून गेला.

साहेब अंगानं भरला आहे. केस चमकतात. पाहणारा म्हणतो, हरसूलच्या बाजारात असं कुत्रं नाही. थोडा आळशी झाला आहे. बसून असतो. बा त्याचे फार लाड करतो, शेळ्यांमागे जाताना चढावर त्याला खांद्यावर घेतो. आई म्हणते, "मला नाय घेतलं कधी."

बाकी ठीक.

किशोर

—

सातपूर, नाशिक
१६ मार्च २००२

ती. बा,

तुझं वाचून हसू आलं. एवढं मोठं कुत्रं खांद्यावर! पाच महिन्यांचं अल्सेशियन पिल्लू दिवसभर पळायला हवं. इतकं चांगलं खाऊन बसून राहिलं तर चरबी चढेल. लाड पुरे. दोन्ही वेळ डोंगरावर चालव. कुरकुरला तरी उचलू नकोस.

डबा देवाजवळचा काढ. लोक हसतील. (किशोर, काढला नाही तरी चालेल.)

जूनमध्ये सुट्टी काढून येते.

रोशनी

—

जांभूळपाडा
५ एप्रिल २००२

ताई,

साहेबाचा पाय मोडला. पुढचा डावा.

मोठं काही झालं नाही. बांधावरून खाली उडी मारली. बांध गुडघ्याएवढा आहे. शेळीचं करडूसुद्धा उतरतं. कट्‌ असा आवाज झाला. बा पुढे होता, त्याला ऐकू आला.

हरसूलला नेला. बाजाराच्या दिवशी येणारे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, पाय मोडला तो मोडला, पण बाकीचे तिन्हीही वाकलेत, कधीपासून? मी म्हणालो, आजच पाहिलं. ते खोटं होतं.

आता खरं लिहितो. फेब्रुवारीपासून तो लंगडत होता. आधी एका पायानं, मग दुसऱ्या. पुढचे पाय मनगटाजवळ बाहेर वाकले होते. अंगाला हात लावला की कण्हायचा. आळशी नव्हता, उभं राहिलं की दुखायचं. बा म्हणूनच त्याला खांद्यावर घ्यायचा. मी तुला लिहायला बसलो होतो. बानं लिहू दिलं नाही. म्हणाला, "ती म्हणल आमी नीट घातलं नाय. तिनं तपासलंय. छापलंय. आपलंच कायतरी चुकत आसल." मग तुझं पत्र आलं, चालवा म्हणून. बानं उचलणं बंद केलं. सकाळ-संध्याकाळ डोंगरावर न्यायचा. साहेब मध्येच बसायचा, बा त्याच्यापुढे उभा राहून वाट बघायचा, आणि तो उठून यायचा.

पंधरा दिवस असं चाललं. मग हे.

काय घालायचं ते कळव. डबे अजून अकरा आहेत.

किशोर

—

सातपूर, नाशिक
११ एप्रिल २००२

किशोर,

डबे एकही घालू नका. आजच बंद करा.

पत्र मिळालं त्या दिवशी अर्धी रजा टाकून इथल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. वयस्कर गृहस्थ आहेत. मी सोबत अहवालाची प्रत नेली होती. माझी बाजू बळकट व्हावी म्हणून नेली होती, हे खरं आहे. त्यांनी आकड्यांवर बोट फिरवलं आणि राखेवर थांबले.

"शून्य पूर्णांक सहा? यात हाड नाही?"

मी म्हटलं, "नाही. अगदी स्वच्छ आहे."

"कॅल्शियम किती?"

"ते तपासायला सांगितलं नव्हतं."

"सांगायला कशाला हवं? राखेत दिसतंय की. हाडं ज्याची होतात ते जळत नाही बाई, ते राखेतच उरतं. इथं राखच नाही. मग पिल्लानं हाडं कशाची करायची? नुसतं मांस आणि डिंकाचं पाणी. कधीमधी घालायला ठीक आहे. रोज हेच घातलं तर रक्ताला लागणारं कॅल्शियम शरीर स्वतःच्या हाडांतून काढतं. हाडं पोकळ होतात." मग अहवालाची खालची ओळ वाचून त्यांनी विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

मी म्हटलं, "लॅबनं."

सहा वर्षं मी मुशी भट्टीत ठेवते, पांढरी राख तोलते, आकडा लिहिते. मसाल्यात तो आकडा जितका लहान तितका माल चांगला. मी डब्याला मसाल्याच्या नजरेनं पाहिलं. आकडा बरोबर होता. मी तो उलटा वाचला.

त्यांनी पुढे विचारलं, आधी काय खात होतं? मी म्हटलं, नागलीची भाकरी आणि शेळीचं दूध. ते म्हणाले, तेच चालू ठेवायचं होतं. गव्हाच्या सात-आठपट कॅल्शियम नागलीत असतं. तिच्या राखेला मी खळ्यातली माती म्हटलं होतं. ते पत्र घरात असेल तर फाडून टाक.

आता करायचं ते असं. दूध-भाकरी सुरू करा. नागलीचीच. मटण-मासळी असेल तेव्हा थोडी, सोबत एक अंडं. अंड्याची टरफलं तव्यावर कोरडी करून अगदी बारीक पूड करा, रोज एक चमचा. बाटलीतलं औषध सोबत पाठवते. मोडलेला पाय हलू द्यायचा नाही. सहा आठवडे बांधून ठेवा, एक पाऊलसुद्धा चालवू नका.

चालवा असं मी लिहिलं होतं. कुरकुरला तरी उचलू नकोस असंही लिहिलं होतं.

बाला हे पत्र वाचून दाखव. पूर्ण दाखव.

रोशनी

—

जांभूळपाडा
२७ एप्रिल २००२

ती. ताईस,

तुझं पत्र वाचून दाखवलं, पूर्ण. ते जुनं पत्र मी फाडलं नाही. सापडलं नाही असं समज.

पाय बांधला आहे. हाडं बसवणाऱ्या आपल्या फकिराबाबानं बांबूच्या कामट्या तासून बांधल्या, वर चिंधी. डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले, प्लास्टरपेक्षा वाईट नाही. साहेब ओट्यावर खुंट्याला असतो. बा शेळ्यांना घेऊन निघाला की आडवा पडूनच भुंकतो. अंड्याची टरफलं आई पाड्यातून गोळा करते. कोणी विचारलं की सांगते, "साहेबाला लागत्यात." पहिल्या दिवशी भाकरी टाकली तर त्यानं वास घेऊन तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी खाल्ली. बा तिथून हलला नव्हता.

पत्र वाचलं तेव्हा बा नुकताच राब भाजून आला होता. तोंड, हात काळे. राखेचं सगळं त्यानं मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "राख म्हंजी माती, आसं हिला कुणी शिकवलं? राब भाजल्याबिगर रोप उभं ऱ्हातं का? पाला वाहून वाहून हिच्या डोक्याचे केस गेले व्हते लहानपणी. राखेतच बी टाकायची ही. इसरली?" मग नेहमीचं, "हे लिहू नको."

मी लिहिलं. तू पूर्ण वाचून दाखव म्हणतेस, तर त्याचंही पूर्ण तुला कळायला हवं.

एक विचारतो. हे डबे नाशिकला दुकानात विकत मिळतात का?

किशोर

—

सातपूर, नाशिक
१९ मे २००२

किशोर,

मिळतात. तू विचारायच्या आधीच मला माहीत होतं. कॉलेज रोडला पाळीव प्राण्यांच्या सामानाचं दुकान आहे. मी तीन वेळा त्या बाजूनं गेले. गेल्या रविवारी आत गेले.

डबे दाराशीच रचून ठेवले होते. माझी ओळ बाहेरच्या बाजूला होती. एक बाई आल्या, हातात लहान पिल्लू, टॉवेलात गुंडाळलेलं. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "याला नुसतं हेच दिलं तर चालेल का हो?" दुकानदारानं डबा फिरवला आणि वाचून दाखवलं, "वाढत्या पिल्लांसाठी संपूर्ण आहार. लॅबमध्ये तपासलंय, मॅडम." त्यांनी बारा डबे घेतले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. माझ्या हातात कुत्र्याचा पट्टा होता, उगाच उचललेला. पट्टा खाली ठेवायचा आणि बोलायचं, एवढंच होतं. मी पट्टा विकत घेतला आणि घरी आले.

दातार सरांशी बोलले होते, तेही एप्रिलमध्ये. ते म्हणाले, "आकडे बरोबर आहेत ना? मग झालं. अभिप्राय तुला कोणी मागितला होता? आता ते काढायला गेलो तर लॅबचं नाव जाईल. कंपनी पुढची बॅच पाठवायची नाही." मी नुसती मान हलवली, तिथं माझं चुकलंच. तेव्हापासून दोन बॅच आल्या. दोन्हींवर माझी सही आहे. खालच्या ओळी मी कोऱ्या सोडल्या, एवढंच. कोऱ्या सोडणं म्हणजे काही करणं नव्हे.

राबाचं वाचलं. विसरले नव्हते. आठवण होती, पण ती इकडच्या कामाची आहे असं वाटलं नाही. घरून निघताना तिकडचं सगळं तिकडेच ठेवून आले होते. सुरुवातीला डब्यात नागलीची भाकरी आणायचे. काळी दिसते म्हणून कोणीतरी विचारलं, "जळली का गं?" दुसऱ्या दिवसापासून पोळी सुरू केली. ही गोष्ट मी बाला सांगितलेली नाही.

जूनमध्ये यायचं जमेल असं वाटत नाही. कामाचा ताण आहे.

औषधाची बाटली पाठवते आहे. साहेब उभा राहतो का?

रोशनी

—

(पोस्टकार्ड. अक्षर मोठं, रेघ सोडून खाली उतरत गेलेलं.)

२० जून

रोशनी

मी भिका. हे मी लिवतो. किशोर नाय.

साहेबाचा पाय मला होळीच्या लय आधी दिसला. मी बोललो नाय. तू शिकली. तुझं छापलं. मला वाटलं माझे डोळे चुकले. डोळे बरोबर होते. निमी चूक माझी.

कामट्या काढल्या. तो चालतो. वाकडा चालतो. डोंगर नाय चढत. शेळ्या निघाल्या का ओट्यावर उभा राहतो.

देवापासचा तो डबा हाय. त्यात नागलीचं बी ठेवलं होतं. राबात टाकलं. उगवलं.

तू जूनला येणार होती. आली नाय. किशोर म्हणतो काम हाय. मला माहीत हाय काय हाय.

पीठ पाठवलं. खा.

भिका भोये

—

सातपूर, नाशिक
७ जुलै २००२

बा,

हे पत्र तू स्वतः वाच. म्हणून अक्षर मोठं काढते आहे. वाक्यं लहान ठेवते.

कार्ड मिळालं. निम्मी चूक तुझी नाही. तू माझं विश्वासानं ऐकलंस. मी तुझं ऐकलं नाही. तू भाकरीचं विचारलं होतंस.

मी कंपनीला रजिस्टर पत्र पाठवलं. माझ्या नावानं. लिहिलं, अहवालातली खालची ओळ माझी. ती चूक आहे. राख कमी आहे हे चांगलं नाही. यानं पिल्लांची हाडं मोडतात. एक मोडलेलं मला माहीत आहे. कंपनीचं उत्तर नाही.

दातार सरांना प्रत दिली. ते रागावले नाहीत. म्हणाले, आता तू सही करू नकोस. आता मी आलेले नमुने वहीत उतरवते. भट्टीकडे दुसरी मुलगी असते.

दुकानात गेले. दुकानदाराला सांगितलं. त्यानं मला डबा फिरवून दाखवला आणि वाचलं. माझीच ओळ. मी म्हटलं, ही मी लिहिली. त्याला खरं वाटलं नाही. मग मी अहवाल दाखवला. त्यानं अहवालावरचा नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळवला. डबे आतल्या फळीवर ठेवले. टाकले नाहीत.

टॉवेलातल्या पिल्लाच्या बाई सापडल्या नाहीत. दुकानदाराला त्यांचं नाव माहीत नाही. त्या पुन्हा बारा डबे घेऊन गेल्या होत्या. मी रविवारी दुकानाच्या बाहेर थांबते.

पीठ मिळालं. भाकरी नीट थापता आली नाही. हात विसरले. तरी डब्यात नेली. सगळ्यांसमोर खाल्ली. कोणी काही विचारलं नाही.

जूनमध्ये काम नव्हतं. सुट्टी होती. मी खोलीवर बसून होते. साहेब वाकडा चालताना बघावा लागेल, म्हणून आले नाही. तुला माहीत होतं.

शनिवारच्या गाडीनं येते.

मी पाड्यावर शिरले की त्याला बांधू नकोस. उचलूही नकोस. जसा येतो तसा येऊ दे.

रोशनी